युरियाने जमिनीतले जीवाणू मरतात का? ऊसवाल्यांनो, सांगा

नमस्कार मंडळी. शिरोळ तालुक्यात दीड एकर काळी जमीन, त्यात उसाचा खोडवा (तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून फुटलेला ऊस). मी पुण्यात नोकरीला, शेत बाबा बघतात. त्यामुळे माझं ज्ञान फोनवरचं.

परवा बाबांनी ॲझोटोबॅक्टरचं (हवेतलं नत्र, म्हणजे नायट्रोजन, पकडणाऱ्या जीवाणूंचं) पाकीट आणलं आणि युरियात कालवून सरीला टाकलं. म्हणे एकाच मजुरीत दोन कामं! आता शेजारचे अण्णा म्हणतात, जीवाणू जाग्यावर मेले आणि इतकी वर्षं युरिया ओतून तुमची जमीनसुद्धा मेलीय. माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पालापाचोळ्यातून येणारा कार्बन) ०.३८ टक्के, म्हणजे कमीच; सामू (pH) ८.२, म्हणजे आंबटाच्या उलट, अल्कधर्मी. पाचट (उसाचा वाळका पाला) बाबा दरवर्षी पेटवतात (भांडून झालंय).

पाकीट वाया गेलं का? आणि युरिया बंद केला तर जमीन सुधारेल?

प्रतिसाद :
पाकीट गेलं समजा. युरियाचा दाणा विरघळतो तिथं अमोनिया सुटतो, सामू चढतो. पाकिटातला जीव तिथं तग धरत नाही. धरला तरी आयतं नत्र समोर असताना तो हवेतलं नत्र कशाला पकडेल? त्या कामाला त्याला फार ताकद लागते. पुढच्या वेळी शेणखतात मिसळून द्या, रासायनिक खताच्या आठवडाभर आगेमागे.

पण जमीन मेलीय हे काही खरं नाही. युरियाचं अमोनियम होतं ते मुख्यतः जीवाणूंनी बनवलेल्या युरिएज या विकरामुळे (एन्झाइममुळे). पुढं नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर हे जमिनीतलेच जीवाणू त्याचं नायट्रेट करतात. युरिया टाकल्यावर ऊस काळाभोर दिसतो तो यांच्याच जिवावर. अशा खतांनी जमीन आंबट होते आणि जीवाणू घटतात, हेही खरं, पण ८.२ सामूच्या जमिनीत ती काळजी आत्ता नको.

तुमचे जीवाणू उपाशी आहेत. त्यांचं खाणं म्हणजे कर्ब, आणि तो तुम्ही दरवर्षी पेटवताय. पाचटात कर्ब भरपूर, नत्र नावाला. म्हणून टनभर पाचटावर ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जीवाणू संवर्धन टाकतात. अण्णांना सांगा, इथं युरियाच जीवाणूंना जेवू घालतो.

धागाकर्ता :
बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, "पाचट ठेवलं तर सरीत पाणी पुढं सरकत नाही, त्याचं काय?"

प्रतिसाद :
बाबांचं बरोबर आहे. एकाआड एक सरीत पाचट दाबा, मोकळ्या सरीनं पाणी सोडा. बुडखे जमिनीलगत छाटून उघडे ठेवा, नाहीतर फुटवे पाचटाखाली गुदमरतात.