अल्लाह गफूर (माफ करणारा) आहे, मग बुडवलेली उधारी पण माफ का?

प्रश्न: अल्लाहच्या ९९ नावांत गफूर, गफ्फार, तव्वाब, अफुव्व अशी माफीचीच इतकी, मग कुणाचे पैसे बुडवून नुसती तौबा (पश्चात्ताप करून अल्लाहकडे माफी मागणं) केली तर चालतं का?

उत्तर १: नाही चालत भाऊ. आधी पैसे परत करायचे नाहीतर त्याच्याकडनंच माफ करून घ्यायचं. सहीह मुस्लिम या संग्रहात हदीस (पैगंबरांचं वचन) आहे, खरा कंगाल कोण तर जो कयामतला (निवाड्याच्या दिवशी) नमाज-रोजे घेऊन येईल पण कुणाला शिवी दिली कुणाचा माल खाल्ला, मग याच्या नेक्या (पुण्यं) त्या लोकांत वाटणार, आणि त्या संपल्या की त्यांची पापं याच्या डोक्यावर.

उत्तर २: अहो घाबरवताय काय त्याला! कुराणातल्या सूरह जुमरची ५३वी आयत वाच, अल्लाहच्या रहमतीबद्दल (कृपेबद्दल) निराश होऊ नका म्हटलंय.

प्रश्नकर्ता: आणि ज्याचे पैसे द्यायचेत तोच वारला असेल तर?

उत्तर १: वारसांना दे.