पक्षाची आवक: देणगी, वर्गणी की पट्टी?

मांजराकाठ: पक्षांच्या जमाखर्चाचा तक्ता मराठीत करतोय. आवकेच्या रकान्याला 'देणगी' म्हटलं आणि अडकलो. एप्रिल २०१९ ते जानेवारी २०२४ या काळात भाजपला निवडणूक रोख्यांतून (देणाऱ्याचं नाव जाहीर न करता बँकेमार्फत पक्षाला पैसे द्यायची सोय) ६,००० कोटींच्या वर मिळाले, काँग्रेसला १,४०० कोटींच्या वर. माकपनं रोखे घेतलेच नाहीत. त्यांचे सभासद मिळकतीवर लेव्ही भरतात. ठरवून घेतलेल्या पैशाला देणगी कसं म्हणू?

गोदावरी_नांदेड: पट्टी म्हणा. आमच्याकडं सप्ताहाची पट्टी उंबऱ्यामागं ठरते. नाही दिली तर पंगतीला जायची चोरी.

मोंढेकरी: पट्टी नको हो. मोंढ्यात पट्टी म्हणजे हमाली-तोलाई कापून अडत्या देतो तो कागद. वाचणाऱ्याला वाटंल, पक्षानं सोयाबीन विकलं. अन् लेव्ही म्हटलं की आमचे आजोबा निजामाच्या काळात घरातून उचलून नेलेली ज्वारीच सांगायचे.

शुद्धमराठी: वर्गणी हा स्वच्छ शब्द असताना लेव्ही कशाला? आता कुणी 'चंदा' सुचवू नये म्हणजे झालं.

परभणीकर: चंदाच सुचवणार होतो! फारसी म्हणून हाकलायचा असेल तर 'जमाखर्च' पण पुसा. जमा, खर्च दोन्ही तिकडूनच आलेत.

गोदावरी_नांदेड: मग रोख्यांना गुप्तदान म्हणू.

परभणीकर: गुप्तदान देवाला असतं, बदल्यात कंत्राट मागत नाहीत. आणि गुप्त कुणापासून? बँकेला देणारा माहीत, मतदाराला तेवढा नाही. त्याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयानं १५ फेब्रुवारी २०२४ ला रोख्यांची योजना मोडीत काढली.

मांजराकाठ: माझा रकाना?

मोंढेकरी: आवकेचं सोडा, खर्चाचा रकाना बघा. विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाखांची मर्यादा, पक्षाला मर्यादाच नाही. मोठ्या नेत्याचं हेलिकॉप्टर पक्षाच्या खात्यात, अन् गरीब पक्षाच्या उमेदवाराचा चहा कपागणिक मोजणार. खर्च मोजायच्या सरकारी दरपत्रकात खुर्ची, मंडप, उपरणं, सगळ्याचा भाव लावलेला असतो.

शुद्धमराठी: प्रचारात गळ्यात घालतात तो गमछा. उपरणं कीर्तनकाराचं.

गोदावरी_नांदेड: गमछा हिंदी ना? आता कुठं गेली तुमची शुद्ध मराठी? आमच्याकडं शेला म्हणत्यात.

मोंढेकरी: शेला नवरदेवाला. ह्ये पंचा.