लहान वस्तीतील सामाजिक बदल आणि वृद्धांचे समाधान: नेमके काय हरवते?

मूळ धागा

लहान वस्तीतील वृद्धांच्या दुःखाचा विषय निघाला की त्याचे खापर बाहेर गेलेल्या मुलांवर फोडले जाते. हे निदान मला अपुरे वाटते. डोनाल्ड काउगिल आणि लोवेल होम्स या अमेरिकी अभ्यासकांनी १९७२ मध्ये अशी मांडणी केली होती की आधुनिकीकरण वाढते तसा वृद्धांचा सामाजिक दर्जा घसरतो, कारण त्यांचे ज्ञान आणि कौशल्य कालबाह्य ठरते. या मांडणीवर पुढे पुष्कळ टीका झाली, तरी तिच्यातील कारणाचा भाग मला आजही खरा वाटतो. जमिनीच्या हद्दीवरून वाद झाला की ज्या वृद्धाला बोलावणे जात असे, त्याची जागा आता मोजणीच्या नकाशाने घेतली आहे. नकाशा अधिक अचूक असतो, हे मान्यच आहे. पण त्या निमित्ताने त्याच्या दाराशी येणारी माणसे यायची थांबली आणि त्याऐवजी दुसरे निमित्त कोणी निर्माण केले नाही.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या रोझेटो या छोट्या गावाचे उदाहरण बोलके आहे. इटालियन स्थलांतरितांच्या या गावात १९५५ ते १९६५ या काळात हृदयविकाराने होणारे मृत्यू शेजारच्या बँगर गावापेक्षा बरेच कमी होते, आणि आहार किंवा धूम्रपान यांवरून त्याचा उलगडा होत नव्हता. एका घरात तीन पिढ्या नांदत होत्या, शेजार घट्ट होता आणि श्रीमंतीचे प्रदर्शन टाळले जाई. पुढे ही वीण सैल झाली आणि दोन्ही गावांतील फरकही मिटला. पन्नास वर्षांच्या मृत्युनोंदींची तुलना १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली, तीही याच दिशेने बोट दाखवते.

प्रतिसाद १

धागाकर्त्यांशी मी असहमत आहे. रोझेटोची लोकसंख्या इतकी कमी होती की मृत्यूंच्या थोड्याशा आकड्यांवरून मोठा निष्कर्ष काढताना जपून राहायला हवे. शिवाय आयुष्य लांबले म्हणजे ते समाधानाचे होते, असे होत नाही. तीन पिढ्यांचे घर चालत होते ते घरातल्या सुनांच्या आणि लेकींच्या बिनपगारी श्रमांवर, आणि त्याच घरात विधवा किंवा निपुत्रिक वृद्धेची काय किंमत होती, हे कोणी मोजलेले नाही. व्हिएन्नामध्ये लिओपोल्ड रोझेनमायर आणि एव्हा कोकाइस या समाजशास्त्रज्ञांनी १९६३ मध्येच दाखवले होते की अनेक वृद्धांना मुले जवळपास हवी असतात, पण चूल वेगळी हवी असते. हाती स्वतःचे निवृत्तिवेतन असलेली स्त्री औषधासाठी कोणापुढे हात पसरत नाही. हा बदलही सामाजिकच आहे आणि त्याने अनेकींना पहिल्यांदा ताठ मानेने जगता आले.

प्रतिसाद २

निवृत्तिवेतनाचा मुद्दा रास्त आहे. परंतु ते हातात पडते कसे, तेही पाहावे. बँकेची खिडकी बंद होऊन सारा व्यवहार मोबाइलवर गेला की डोळ्यांना नीट न दिसणारी बाई शेजारच्या मुलाला ओटीपी वाचायला सांगते, आणि तिच्या खात्यात किती शिल्लक आहे हे वस्तीतल्या परक्या पोराला कळते. लहान वस्तीत अशी गोष्ट झाकून राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये वृद्धस्नेही शहरांसाठी जी मार्गदर्शिका काढली, तिच्या आठ विषयांत वाहतूक, आदर व सामाजिक समावेश आणि माहिती व संवाद यांना घर आणि आरोग्यसेवा यांच्याच रांगेत बसवले आहे. एखाद्या वस्तीतली एकमेव बस बंद करणाऱ्याने हे आधी वाचायला हवे.

धागाकर्ता

प्रतिसाद १ मधील स्त्रियांच्या श्रमांचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि जुने घर परत आणावे, असे मी म्हणत नाही. माझा आग्रह एवढाच आहे की एखादी सोय बदलताना तिच्याबरोबर वृद्धांचे कोणते काम आणि कोणते येणे-जाणे संपणार आहे, ते आधी त्यांनाच विचारावे. स्वतंत्र चूल आणि बँकेतले पैसे असूनही, आपल्यावाचून कोणाचेच अडत नाही हे रोज अनुभवणारी माणसे खचतात.

प्रतिसाद ३

उपयोगी असणे हा समाधानाचा निकष ठरवला, तर अंथरुणाला खिळलेल्या किंवा स्मृती गमावलेल्या माणसाचे काय करायचे? लहान वस्तीतील कमावती पिढी निघून गेल्यावर सर्वांत आधी उघडे पडतात ते हेच लोक, आणि त्यांना सल्लागाराचा मान नको असतो, तर दर दोन-तीन तासांनी कूस बदलून देणारा, जखम धुणारा, घाई न करता भरवणारा माणूस हवा असतो. ते काम आजवर घरातल्या बायकांनी फुकट केले. आता ते प्रशिक्षित आणि पगारी माणसांनी करावे, आणि वस्तीकडे मोजकेच पैसे असतील तर ते विरंगुळा केंद्राच्या आधी या पगाराला लावावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. धागाकर्त्यांना हा क्रम मान्य आहे का?