मदत हवी आहे: ‘लेखन आणि मी’ हा लेख पहिल्या परिच्छेदापुढे जात नाही

कोरं_पान

नमस्कार मंडळी,

पदवीच्या पहिल्या वर्षाला ‘लेखन आणि मी’ या विषयावर ८०० शब्दांचा लेख द्यायचा आहे. लेखनाचे आलेले अनुभव आणि लेखनाकडे बघायची दृष्टी, दोन्ही त्यात हवं. हातात ९ दिवस आहेत. पहिला परिच्छेद चार वेळा खोडून झाला. सध्या तो असा आहे:

‘लेखन ही माणसाला मिळालेली अनमोल देणगी आहे. लेखनामुळे विचारांना दिशा मिळते. मला लहानपणापासून लेखनाची आवड आहे, पण कधीकधी भीतीही वाटते.’

अडचणी तीन. सांगण्यासारखा मोठा अनुभव नाही. शाळेतले निबंध, परीक्षेतली उत्तरं आणि मोबाइलवरचे मेसेज, एवढंच. ‘लिहायला आवडत नाही’ असं खरं लिहिलं तर चालेल का? आणि प्रत्येक वाक्य लिहिल्या लिहिल्या चुकीचं वाटतं, मग तेच दुरुस्त करत बसतो. कृपया मार्ग सुचवा.

टाकदौत

परिच्छेद सुधारू नका, बाजूला ठेवा. पहिली दोन वाक्यं लेखनाबद्दल आहेत, तुमच्याबद्दल नाहीत. तिसऱ्यात ‘आवड’ आणि ‘भीती’ आली, पण कशाची आवड आणि नेमकी कुठल्या क्षणी भीती, ते आलं नाही. म्हणून चार वेळा खोडूनही तो तसाच राहिला.

आधी कच्चा माल काढा. कागदावर तीन रकाने आखा: काय लिहिलं, कोणासाठी लिहिलं, पुढे त्याचं काय झालं. २० मिनिटांत निदान १५ ओळी भरा. निबंध असतीलच, पण रजेचा अर्ज, प्रयोगवही, वहीच्या शेवटच्या पानावर खरडलेलं, दुसऱ्याला लिहून दिलेलं भाषण, पाठवण्याआधी तीनदा बदललेला मेसेज, हे सगळं लेखनच आहे. तिसऱ्या रकान्याला वेळ द्या. लाल शाईचा शेरा मिळाला, वर्गात वाचून दाखवलं, कुणी वाचलंच नाही, स्वतःच फाडून टाकलं. लिहिण्याबद्दलचं मन बरेचदा तिथे घडतं, कागद दुसऱ्याच्या हातात गेल्यावर.

मग त्यातल्या दोनच ओळी निवडा. एक, जिथे लिहिणं अडलं. दुसरी, जिथे कुणी न सांगता लिहून झालं. पाच-सहा घेतल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला सव्वाशे-दीडशे शब्द येतात आणि लेखाची ‘तिसरीत असताना, मग पाचवीत’ अशी यादी होते. दोन प्रसंगांना प्रत्येकी ३०० शब्द द्या, उरलेल्या २०० मध्ये दोघांचा एकमेकांशी काय संबंध ते येऊ द्या.

‘आवडत नाही’ जरूर लिहा, पण त्याचे तुकडे करून. १९७५ साली जॉन डेली आणि मायकेल मिलर यांनी लेखनाची धास्ती मोजायला २६ विधानांची प्रश्नावली केली. त्यात लिहायला बसताच डोकं रिकामं होणं, लिहिलेलं तपासलं जाईल याची भीती आणि मित्रांनी वाचावं असं वाटणं ही विधानं वेगवेगळी आहेत. तुमचंही तसंच बघा: सुचत नाही, मांडता येत नाही, अक्षराची लाज वाटते, की दुसऱ्याने वाचणं नको वाटतं? यातलं एक नेमकं सांगितलंत की दृष्टी आपोआप दिसेल.

खाडाखोड

वरच्याला अनुमोदन. मी फक्त तिसऱ्या अडचणीबद्दल लिहिते.

पुढचा विचार धरून ठेवणं, शब्द शोधणं आणि आधीचं वाक्य तपासणं ही कामं एकाच वेळी एकाच तोकड्या स्मृतीवर चालतात. तपासायला मागे वळलात की हातात धरलेला पुढचा विचार निसटतो. त्यामुळे ‘सुचत नाही’ असं वाटतं. खरं तर सुचलेलं टिकत नाही.

तेव्हा ही कामं वेगवेगळ्या दिवशी करा. १२ मिनिटांचा गजर लावा, पेनाने लिहा, खोडायचं नाही. शब्द अडला तर चौकट काढून पुढे जा. वाक्य चुकलं असं वाटलं तर समासात फुली मारा आणि पुढचं लिहा. सुरुवात मधूनच करा, निवडलेल्या प्रसंगाच्या ऐन क्षणापासून. अशा बैठका रोज दोन, तीन दिवस. मजकूर हजार-अकराशे शब्दांपर्यंत जाऊ द्या, छाटायला माल लागतो. मग एक पूर्ण दिवस कागद उघडूच नका.

दुरुस्तीचा क्रम पाळा: आधी काय ठेवायचं आणि काय काढायचं, मग परिच्छेदांचा क्रम, मग वाक्यं, शुद्धलेखन सर्वांत शेवटी. उलट केलंत तर घासूनपुसून लख्ख केलेला परिच्छेद नको असला तरी काढवत नाही.

कोरं_पान

दोघांचे आभार. १७ ओळी झाल्या. निवडलेल्या दोन: (१) सातवीतला पावसावरचा निबंध, शेरा ‘स्वतःच्या शब्दांत लिही’. तो माझ्याच शब्दांत होता. (२) आजारी मित्राला महिनाभर रोज वर्गात काय झालं ते मेसेजवर लिहून पाठवणं.

पहिल्याबद्दल इतकंच जमलं: ‘त्या शेऱ्यामुळे मला खूप वाईट वाटले आणि माझा आत्मविश्वास कमी झाला.’

टाकदौत

निवड चांगली आहे. ‘वाईट वाटले’ हा निष्कर्ष झाला. वाचकाला तो स्वतः काढू द्या. त्या शेऱ्यानंतर हाताने काय केलं ते लिहा. पुढचा निबंध कसा लिहिलात?

कोरं_पान

गाईडमधून उतरवला. दहापैकी आठ मिळाले. शेरा नव्हता.

टाकदौत

ही तीन वाक्यं जशीच्या तशी लेखात जाऊ द्या. त्यांच्यापुढे ‘त्यामुळे मी शिकलो की’ असं काही जोडू नका. लगेच मित्राच्या मेसेजवर या आणि त्यातला एखादा जुना मेसेज शब्दशः द्या, चुकांसकट. मोबाइलमध्ये सापडतोय का बघा. त्यातली तुमची भाषा आणि वरच्या ‘अनमोल देणगी’ची भाषा शेजारी ठेवलीत की फरक सांगत बसावं लागणार नाही. शेवटी ‘आता मला लेखन आवडू लागले आहे’ असं लिहायचा मोह होईल. ते खरं नसेल तर लिहू नका, तपासणाऱ्याला ते ओळखू येतं.

खाडाखोड

शेवटच्या हातासाठी थोडं. तुम्ही धाग्यात ‘लिहिलं, वाटतं’ लिहिता आणि लेखात ‘वाटले’. दोन्ही चालतं, पण लेखभर एकच ठेवा. मेसेजचा उतारा तेवढा अपवाद. ‘तेव्हा, जेव्हा, केव्हा’वर अनुस्वार नाही, न उच्चारले जाणारे अनुस्वार १९६२ च्या नियमांनी गेले. ‘चूक’ दीर्घ, पण ‘चुकीचा’ ऱ्हस्व; ‘मूल’ आणि ‘मुलाला’ तसंच. मग लेख छापून मोठ्याने वाचा. जिथे श्वास पुरत नाही तिथे वाक्य तोडा, आणि जिथे जीभ अडखळते तिथला शब्द बहुधा तुमचा नसतो, तो बदला.