पी३०० टिपण्यासाठी आणि त्याची जागा शोधण्यासाठी कोणता ईईजी संच घ्यावा?

उद्यमनगरची_कन्या: मी इलेक्ट्रॉनिक्सची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. एकसारख्या आवाजांत मध्येच वेगळा आवाज आला की सुमारे ३०० मिलिसेकंदांनी मेंदूत उमटणारा पी३०० हा प्रतिसाद मला टाळूवर इलेक्ट्रोड लावून मेंदूतल्या विजेच्या लहरी नोंदवणाऱ्या ईईजीने टिपायचा आहे आणि तो मेंदूत कुठून येतो हेही शोधायचे आहे. प्रतिसाद काही मायक्रोव्होल्टचा असतो आणि भोवतीच्या लहरी त्याहून कितीतरी मोठ्या असतात. ४०,००० रुपयांत कोणता संच घ्यावा?

शाहूपुरीकर: ६४ इलेक्ट्रोडची टोपीच घ्यावी. आमच्या प्रयोगशाळेत तीच होती आणि तिच्यावर मिळणाऱ्या नोंदींची सर दुसऱ्या कशाला नाही. कवटीतून वीज सहज वाहत नसल्यामुळे टाळूवर सगळे पसरट होऊन पोहोचते. मोजक्या इलेक्ट्रोडांवरून जागा सांगता येत नाही.

तंत्रज्ञ_काकू: मी २२ वर्षे ईईजी काढते आहे. मुली, टोपीपेक्षा डोके महत्त्वाचे. आपल्याकडे माणसे भरपूर तेल लावून येतात आणि मग इलेक्ट्रोड आणि त्वचा यांमधला रोध ५ किलोओहमच्या खाली आणताना घाम फुटतो. भाच्यासाठी कोरड्या इलेक्ट्रोडचा पट्टा घेतला होता. दाट केसांवर तो टेकतच नव्हता, पैसे वाया गेले. जेलचेच घे.

गणिती_राजारामपुरी: ६४ची टोपी उत्तम, हे वर आलेच आहे. मात्र खरे काम सरासरीचे आहे. १०० वेळा आवाज ऐकवून नोंदींची सरासरी काढली की गोंगाट वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणजे दहाव्या हिश्श्यावर येतो.

लेथवाला: सर, प्रत्येक गोंगाट असा जात नाही. नेमक्या एका सेकंदाने आवाज दिला, तर तेवढ्यात विजेची ५० आवर्तने पूर्ण होतात, गुणगुण दर वेळी त्याच टप्प्यावर सापडते आणि सरासरीत तशीच उरते. उद्यमनगरात शेजारी मोटारी चालू असताना मी हे भोगले आहे. आधी चांगले अर्थिंग करून घ्या.

गणिती_राजारामपुरी: मान्य, पण अंतर बदलते ठेवले की तो प्रश्न मिटतो, अर्थिंगसाठी अंगण खणण्याची गरज नाही.

शाहूपुरीकर: अर्थिंगवरून वाद नको, प्रश्न जागेचा आहे. पापण्यांच्या हालचालींमुळे नोंदीत मिसळणाऱ्या लहरी स्वतंत्र घटक विश्लेषण या गणिती पद्धतीने वेगळ्या काढतात आणि त्यातही जितके इलेक्ट्रोड, फार तर तितकेच घटक मिळतात. पुन्हा सांगतो, ६४.

उद्यमनगरची_कन्या: सर्वांचे आभार. टाळूवरचे एकच चित्र मेंदूतल्या असंख्य मांडण्यांतून उमटू शकते, हे हेल्महोल्ट्झने १८५३ मध्येच दाखवले होते. म्हणजे ६४ इलेक्ट्रोड लावूनही शेवटी एखादे गृहीतक धरावेच लागणार. म्हणून जागेचा शोध मी या वर्षापुरता सोडते आहे. आठ वाहिन्यांचा बॅटरीवरचा साधा संच आणि काकूंनी सांगितल्याप्रमाणे जेलचे इलेक्ट्रोड घेईन. डोक्याच्या मधल्या रेषेवर तीन लावीन, कारण पी३०० त्या रेषेवर मागच्या बाजूला सर्वांत ठळक दिसतो, आणि पापण्यांसाठी एक डोळ्याखाली. अर्थिंग न करता राधानगरीजवळच्या आजोळी, लॅपटॉपही बॅटरीवर ठेवून नोंदी घेईन आणि आवाजांमधले अंतर १.१ ते १.५ सेकंदांत बदलते ठेवीन.

शाहूपुरीकर: जागेविना हा प्रकल्प अर्धाच राहील, असे माझे मत आहे.

तंत्रज्ञ_काकू: आजोळच्या मंडळींना आदल्या दिवशीच शिकेकाईने केस धुवायला सांग.