शाळेतनं गैरहजेरीची चिठ्ठी आलीय, तक्रार कुठं करायची? (मदत हवी आहे)

सातची_पाळी | मंगळवार, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. मुलगा तिसरीत आहे. काल संध्याकाळी दप्तरात चिठ्ठी सापडली. 'आपला पाल्य डिसेंबर महिन्यात १२ दिवस गैरहजर आहे. पालकांचे लक्ष नाही. तात्काळ येऊन भेटावे, अन्यथा नाव कमी करण्यात येईल.' खाली सही-शिक्का.

मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहे. एक खाडा झाला की त्या दिवसाचा पगार गेला. आम्ही दोघं नवराबायको राबतोय ते कुणासाठी? आणि वर 'पालकांचे लक्ष नाही' म्हणून लिहून पाठवतात. मला लई लागलंय हे.

तक्रार कुठं करायची तेवढंच सांगा. शिक्षणाधिकारी, पंचायत समिती, का ऑनलाइन? उद्या अर्ज लिहून टाकणार आहे.

कागलची_सून | मंगळवार, रात्री ११.५८

दादा, शाळा जिल्हा परिषदेची, महापालिकेची का खाजगी? त्यावर ठरतं. जि. प.ची असेल तर आधी मुख्याध्यापक, मग केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी. महापालिकेची असेल तर प्राथमिक शिक्षण समितीचं ऑफिस. पण पोरगं बारा दिवस शाळेत का गेलं नाही, ते तुम्ही लिहिलंच नाही.

निवृत्त_गुरुजी | बुधवार, सकाळी ६.१०

मी ३४ वर्षं प्राथमिक शिक्षक होतो. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. चिठ्ठी आली की पालकाला आधी तक्रार सुचते, मुलगा कुठे होता हे नंतर. बारा दिवस म्हणजे जवळजवळ निम्मा महिना. आम्ही दोन दिवस मूल दिसलं नाही की सायकल काढून घरी जायचो.

हे कोल्हापूर आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मूल शाळेत पाठवलं नाही तर पालकाला महिन्याला १ रुपया दंड होता. त्या काळचा रुपया! १९१८ च्या मार्चमध्ये करवीर तालुक्यात चिखलीला या योजनेतली पहिली शाळा सुरू झाली. एवढ्या कळकळीने ज्या मातीत शाळा आल्या, तिथे आज पालकांना चिठ्ठी पाठवावी लागते याचं वाईट वाटतं.

प्रयागकाठ | बुधवार, सकाळी ७.३०

गुरुजी, आमच्या चिखलीचं नाव घेतलंत, बरं वाटलं. पण २०१९ च्या पुरात याच गावातली पोरं कितीतरी दिवस शाळेबाहेर होती. २०२१ ला पुन्हा तेच. वह्या-पुस्तकं चिखलात गेली. तेव्हा कुणाला दंड करायचा? दर वेळी पालकांचा दोष नसतो.

राजारामपुरी_८वी_गल्ली | बुधवार, सकाळी ९.०५

७५ टक्के हजेरी नसेल तर वरच्या वर्गात घालत नाहीत, वर्ष वाया जाईल. माझं ऐका, जूनमध्ये इंग्रजी माध्यमात घाला. व्हॅन दारात येते. आमच्या मुलीचा चार वर्षांत एकदाही उशीर नाही.

तिसरी_चौथीच्या_बाई | बुधवार, दुपारी १.२०

मी जि. प. शाळेत शिकवते. मधल्या सुट्टीत लिहितेय.

८वी गल्ली, ७५ टक्क्यांची अट दहावीच्या परीक्षेला बसताना असते. तिसरीला असं काही नाही. आपल्याकडे आता पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा असते, तीही हजेरीवर अडवत नाहीत. उगाच घाबरवू नका.

आणि दादा, नाव कमी करण्याचं जे लिहिलंय ते चुकीचंच आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. महिन्याहून जास्त सलग गैरहजर राहिलं तर मूल शाळाबाह्य धरतात. तेसुद्धा त्याला परत आणण्यासाठी. पण एक विचारू? त्या बाईंना तुम्ही कधी भेटलाय का?

निवृत्त_गुरुजी | बुधवार, दुपारी २.००

मॅडम, कायद्याचं बरोबर आहे. पण काढताच येत नाही हे कळल्यामुळेच पालक निर्धास्त झालेत.

तिसरी_चौथीच्या_बाई | बुधवार, रात्री ९.१५

गुरुजी, आदर ठेवून सांगते. तुमच्या वेळी सायकलवरून घरी जायला वेळ होता. माझ्याकडे एका खोलीत दोन वर्ग आहेत. वर माहित्या, ऑनलाइन नोंदी, मतदारयाद्यांचं काम. मला घरी जायचं नसतं असं नाही. पालक निर्धास्त नाहीत, दमलेले आहेत. आणि आम्हीही.

गडहिंग्लजचा_शिक्षक | बुधवार, रात्री ९.४०

बाईंशी सहमत. मी पूर्वी कारखान्याजवळच्या शाळेत होतो. ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या, बीडकडची पोरं. सहा महिने इथं, सहा महिने तिथं. शिक्षण हमी कार्ड (गाव सोडताना मुलाला जुन्या शाळेतनं मिळतं ते) घेऊन आलेलं मूल लगेच वर्गात बसवायचो. पण कार्ड असतं हेच निम्म्या आईबापांना माहीत नसायचं. तोडकऱ्यांच्या पोरांसाठी कारखान्याजवळ साखरशाळा काढल्या, हंगामी वसतिगृहं काढली, तरी फडावर धाकट्याला कोण सांभाळणार हा प्रश्न आला की थोरलं घरी राहायचं. एक पोरगी कडेवर भाऊ घेऊनच वर्गात यायची. मी बसू द्यायचो.

आरोग्य_सखी | बुधवार, रात्री १०.०५

मुलाला जंताची गोळी दिलीय का? जंत असतील तर भूक लागत नाही, अंगात रक्त कमी होतं, सकाळी उठवत नाही. फेब्रुवारीत शाळेत आणि अंगणवाडीत मोफत देतात. रात्री मोबाइल बंद करा, साडेनऊला झोपवा. आमच्याकडे यानेच फरक पडला.

सातची_पाळी | बुधवार, रात्री ११.३०

एकाचं तरी उत्तर माझ्या प्रश्नाला आहे का? जंत नाहीत, मोबाइल नाही. सकाळी सहाला पोरगं उठतंय.

आणि पोरगं शाळेत गेलं नाही असं मी कुठं म्हटलं? गेलंय की! रोज जातंय. डिसेंबरात तीनच दिवस घरी होता. दोन दिवस ताप आणि एक दिवस चुलत बहिणीचं लग्न. बाकी रोज दप्तर घेऊन गेलाय, खिचडी खाऊन आलाय. म्हणून तर तक्रार करायचीय. खोटी हजेरी लावलीय.

कागलची_सून | बुधवार, रात्री ११.४१

अहो दादा, हे पहिल्यांदाच लिहायचं नाही होय! सगळेजण पोराला बोलत बसले.

आता सांगा. गेला होता याला पुरावा काय? त्याच्या वह्या काढा. तिसरीला रोज वर तारीख घालायला लावतात. आणि बाईंकडून गैरहजेरीच्या तारखा घ्या.

सातची_पाळी | गुरुवार, रात्री १०.५०

तारखा चिठ्ठीच्या मागेच होत्या, मी उलटून बघितली नव्हती. आत्ता पोराला झोपवून वह्या घेऊन बसलोय.

मराठीची वही, ९ डिसेंबर. मस्टरवर गैरहजर. वहीत कोपऱ्यात ९/१२, खाली मंगळवार, आणि शुद्धलेखनाच्या आठ ओळी. 'पाऊस'मधला ऊ दोनदा ऱ्हस्व काढलाय, त्याला लाल गोल, खाली बाईंचीच सही. १७ तारीख गैरहजर, गणिताच्या वहीत १७/१२, हातच्याची वजाबाकी, सहातली चार बरोबर. सगळ्या तारखा लावून बघितल्या. बारापैकी नऊ दिवशी वहीत काम आहे. नऊही ठिकाणी त्याच बाईंची लाल सही.

आता बोला. हे घेऊन थेट शिक्षणाधिकाऱ्यांकडं जाऊ का?

तिसरी_चौथीच्या_बाई | गुरुवार, रात्री ११.०५

दादा, थांबा. ज्या बाई गैरहजर लावतात त्याच बाई दुपारी वही तपासून सही करतात. खोटेपणा करायचा असता तर सही केली असती का? मला वाटतं तो हजेरीनंतर पोचतोय. परिपाठ झाला की लगेच हजेरी होते, आकडा ऑफिसात जातो, त्यावर तांदूळ मोजून काढतात. पहिली ते पाचवीला मुलामागे १०० ग्रॅम. एकदा आकडा गेला की नंतर आलेलं मूल वर्गात बसतं, पण मस्टरवर राहून जातं. हे बरोबर नाही, उशिरा आलेल्याची नोंद करायलाच हवी. पण चाळीस पोरांच्या गडबडीत होतं. माझ्याकडूनही झालंय.

त्या नऊ दिवसांचे वार बघा बरं.

सातची_पाळी | गुरुवार, रात्री ११.२०

वार बघितले. मंगळ, बुध, गुरु, शुक्र. शनिवार एक. सोमवार एकही नाही.

कागलची_सून | गुरुवार, रात्री ११.२४

सोमवारी तुमची सुट्टी असते का?

सातची_पाळी | गुरुवार, रात्री ११.२६

हो.

कागलची_सून | गुरुवार, रात्री ११.२९

म्हणजे सोमवारी सोडायला तुम्ही. बाकीच्या दिवशी पोराला कोण सोडतं?

सातची_पाळी | गुरुवार, रात्री ११.५५

कोण सोडणार, तो एकटाच जातो. शाळा चालत दहा मिनिटांवर आहे. मी साडेसहाला बाहेर पडतो. बायको सव्वानऊला दुकानावर कामाला जाते. धाकटी तीन वर्षांची आहे, तिला जाताजाता अंगणवाडीत सोडून तो पुढं शाळेत. दिवाळीपर्यंत तिला आमची आई सोडायची. दिवाळीत आई मोरीत पडली, खुब्याचं हाड मोडलं. वॉकर धरून संडासापर्यंत जाते, बाहेर पडता येत नाही.

अंगणवाडी उघडते साडेदहाला. शाळेचा परिपाठ दहा वीसला.

हे लिहिताना माझ्या आत्ता ध्यानात आलं.

कागलची_सून | शुक्रवार, रात्री १२.०२

दादा.

तिसरी_चौथीच्या_बाई | शुक्रवार, सकाळी ६.४०

रात्री वाचलं आणि झोप लागली नाही. आठ वर्षांचं पोरगं बहिणीचा हात धरून बंद अंगणवाडीच्या पायरीवर बसतं, ताई आल्या की तिला आत सोडतं, मग पळत शाळेला. आणि आम्ही त्याच्या नावापुढे गैरहजर लिहितो. त्याने बाईंना सांगितलं नसेल. ही पोरं सांगत नाहीत, त्यांना ते कामच वाटतं, तक्रार नाही.

अर्ज करू नका. सोमवारी धाकटीला सोडलंत की तसेच शाळेत जा. दोन्ही वह्या, चिठ्ठी, कॅलेंडर न्या. भांडायला गेलात तर त्या स्वतःचा बचाव करत बसतील. घरची परिस्थिती आधी सांगा, वही नंतर काढा.

राजारामपुरी_८वी_गल्ली | शुक्रवार, सकाळी ९.३०

चूक तर शाळेची आहे ना? मग यांनी नमतं का घ्यायचं? मी असतो तर लेखी खुलासा मागितला असता.

निवृत्त_गुरुजी | शुक्रवार, सकाळी १०.१५

८वी गल्ली, लेखी खुलासा मिळेल, पण उद्या ते मूल त्याच वर्गात बसणार आहे.

सातची पाळी, मी तुम्हाला न विचारता बोललो. माझं चुकलं. शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सदस्य पालकच असतात, त्यात निम्म्या महिला. तुमच्या गल्लीतलं कुणी आहे का बघा. अंगणवाडीच्या वेळेचा विषय तिथे निघाला पाहिजे, कारण असं पोरगं तुमचं एकटंच नसणार. आणि जुन्या मस्टरवर खाडाखोड करायला लावू नका. त्यात बाई अडचणीत येतात.

आरोग्य_सखी | शुक्रवार, सकाळी ११.००

आजींना फिजिओथेरपी चालू आहे का? सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात विचारा. वय किती आहे त्यांचं?

सातची_पाळी | सोमवार, रात्री ९.४५

आज जाऊन आलो.

बाई तरुण आहेत, दुसरंच वर्ष आहे. मी आत गेलो तशा उभ्या राहिल्या, चेहऱ्यावर भीती दिसली. मीच खाली बसलो त्या छोट्या बाकावर. आईचं सांगितलं, अंगणवाडीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, 'मी त्याला रोज विचारते उशीर का, तो नुसता हसतो.' मग वह्या काढल्या. एकेक तारीख मस्टरला लावून बघत गेल्या. पाचव्या तारखेला थांबल्या आणि डोळे पुसले. चिठ्ठीचा मजकूर छापील आहे, वरून आलेला, सगळ्यांना तोच जातो म्हणाल्या. मी म्हटलं, तरी सही तुमची आहे. 'होय, माझी आहे' म्हणाल्या.

ठरलं ते असं. तो दहा चाळीसपर्यंत आला तर हजर लावायचा, पुढे 'उशिरा' लिहायचं. ऑफिसात आकडा दुसऱ्यांदा कळवायला मुख्याध्यापक तयार झाले. समितीत आमच्या मागच्या गल्लीतल्या एक ताई आहेत. त्यांची पोरगी चौथीत आणि भाचा त्याच अंगणवाडीत. मंगळवार ते शुक्रवार त्या आमच्या धाकटीला भाच्याबरोबर नेतो म्हणाल्या. शनिवारचं अजून जमलेलं नाही. अंगणवाडीच्या ताईंना मी दोष देत नाही, त्यांना आधी दुसरीकडं पोषण आहाराचं बघावं लागतं.

गुरुजी, डिसेंबरचं मस्टर तसंच ठेवलं. बारा ते बाराच राहिले. बाईंनी चिठ्ठीच्या पाठीमागं स्वतःच्या हातानं नऊ तारखा लिहून 'उपस्थित होता' लिहून सही दिली. ती मी आईच्या औषधाच्या फायलीत ठेवलीय.

आरोग्य_सखी, आई ६८ वर्षांची आहे. फिजिओथेरपी चालू नाही. सीपीआरला कुठल्या वारी जायचं असतं?

आरोग्य_सखी | सोमवार, रात्री १०.०२

सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा, जुने एक्स-रे न्या. हाडांच्या ओपीडीचे वार खिडकीवर सांगतील. व्यनि (खाजगी निरोप) केलाय, बघा.