रिओचं सातवं तत्त्व: ‘समान’ की ‘सामाईक’ जबाबदारी?

शेवंती: अकरावीसाठी पर्यावरणाची टिपणं मराठीत करतेय. १९९२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण परिषदेत झालेल्या रिओ जाहीरनाम्यातलं सातवं तत्त्व ‘समान परंतु भिन्न जबाबदाऱ्या’ असं वाचलं. समान आहेत तर भिन्न कशा? ‘जबाबदारी’ऐवजी ‘दायित्व’ जास्त भारदस्त वाटेल का? आणि शाश्वत विकास की टिकाऊ?

ओसरीवाला: ‘समान’ आधी खोडा. इंग्रजीतल्या ‘कॉमन’चा अर्थ इथे ‘सारखी’ नसून ‘सगळ्यांची मिळून’ असा आहे. त्याला सातबाऱ्यावर रुळलेला शब्द आहे, सामाईक. सामाईक विहिरीत एकाचा आठ आणे हिस्सा असतो, दुसऱ्याचा दोन आणे. गाळ काढायचा खर्चही त्याच हिशोबाने. सातवं तत्त्व तेच सांगतं: पर्यावरणाच्या ऱ्हासात सगळ्यांचा वाटा सारखा नाही, आणि विकसित देशांकडे पैसा नि तंत्रज्ञान आहे, म्हणून त्यांच्यावर भार जास्त. ‘समान’ लिहिलंत की हवामानाच्या वाटाघाटींत भारत वर्षानुवर्षं ज्याच्या विरोधात बोलतो, नेमकं तेच मुलं पाठ करतील.

तिसरा पेपर: सामाईक पटलं. ‘भिन्न’ही लंगडंच आहे. फरक प्रकाराचा नाही, प्रमाणाचा आहे. ‘सामाईक पण तरतम जबाबदारी’ कसं वाटतं?

ओसरीवाला: झकास, पण अकरावीला ‘तरतम’ समजावण्यातच तास जाईल. ‘कमीअधिक’ म्हणा.

वकीलवाडा: शेवंतीताई, भारदस्तपणाच्या नादात ‘दायित्व’ घेऊ नका. साहित्यात ते जबाबदारीच्या अर्थाने चालतं, पण हिशोबात ‘मत्ता आणि दायित्वे’ म्हणजे देणी. कायद्यातही दायित्व म्हटलं की भरपाईचा वास येतो, आणि या विषयात सगळं भांडण त्याच सीमेवर आहे. २०१५ च्या पॅरिस करारात हवामानबदलाने होणाऱ्या हानीसाठी आठवा अनुच्छेद आला, पण सोबतच्या निर्णयात स्पष्ट लिहिलं गेलं की त्यातून दायित्व किंवा भरपाईचा आधार निघत नाही. जबाबदारी मान्य, देणं अमान्य! त्याच कराराच्या चौथ्या अनुच्छेदात, विकसित देश उत्सर्जन कमी करण्यात पुढाकार ‘घेतील’ हे बंधनकारक क्रियापद अगदी शेवटच्या क्षणी ‘घ्यावा’ असं मवाळ केलं गेलं. मराठीत एवढा फरक एका प्रत्ययाने दिसतो, तो पुसू नका.

पुढे वानुआतू या पॅसिफिकमधल्या छोट्या बेटांच्या देशाच्या पुढाकाराने हा प्रश्न हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. २३ जुलै २०२५ च्या सल्लागार मतात न्यायालय म्हणालं की हवामानाबाबतची कर्तव्यं मोडणं हे बेकायदा कृत्य ठरू शकतं आणि कार्यकारणसंबंध सिद्ध झाला तर भरपाईही देणं लागू शकतं. तिथे मात्र ‘दायित्व’ खुशाल लिहा.

शेवंती: आभारी आहे. मग शाश्वत?

ओसरीवाला: शाश्वतच ठेवा, रुळलाय. शाश्वत म्हणजे अमर, तसा विकास कुठे असतो, हा आक्षेप खरा. पण ‘टिकाऊ’ने चपला आठवतात आणि हिंदीतलं ‘सतत विकास’ आपल्याला न थांबता चाललेलं बांधकाम वाटतं.

तिसरा पेपर: एक राहिलं. ‘भावी पिढी’ लिहू नका. शिक्षक भावी पिढी घडवतात म्हणजे समोरच्या बाकांवरची पोरं. संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाची १९८७ ची व्याख्या म्हणते, पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावणारा विकास तो शाश्वत; त्यातल्या पिढ्या त्याहून कितीतरी पुढच्या. फिलिपिन्समध्ये मुलांनी जंगलतोडीविरुद्ध दावा लावला तो स्वतःसाठी आणि न जन्मलेल्या पिढ्यांसाठीही, आणि १९९३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा तो हक्क मानला. म्हणून अनेकवचनी ‘येणाऱ्या पिढ्या’ लिहा.